वाचून दाखवले, बरोबर आहे

सरकारी वकील ते माझ्या तोंडावर म्हणाले असते तर एक वेळ चाललं असतं. पण ते माझ्याकडे पाठ करून, न्यायाधीशाच्या खुर्चीवरच्या मॅडमकडे बघत, नळ गळतोय असं सांगावं इतक्या सहज म्हणाले की विटनेस होस्टाईल आहे, उलटतपासाची परवानगी द्यावी. विटनेस म्हणजे मी, एवढं कळलं, कारण साक्षीदाराच्या पिंजऱ्यात दुसरं कोणी नव्हतं. होस्टाईल म्हणजे काय ते कळलं नाही. बाकी सगळ्या कोर्टाला मात्र कळलं. टायपिंग करणाऱ्या पोरीची बोटं थांबली, मागच्या बाकावर कुणीतरी जीभ टाळूला लावून च्च केलं, आणि ज्याच्याबरोबर अकरा वर्षं मी एका कपातला चहा वाटून प्यायलो तो हिंमतराव जमादार दाराशी उभा राहून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायला लागला, जणू त्याला एकादशी कधी आहे ते पाहायचं होतं. मॅडमनी घड्याळ पाहिलं. दोनला पाच मिनिटं कमी होती. उलटतपास जेवणानंतर, असं म्हणून त्या उठल्या. सगळे उठले. मी उभाच होतो.

मी रबरी शिक्के बनवतो. पोलीस ठाण्याच्या भिंतीला लागून माझं दुकान आहे. झेरॉक्स, लॅमिनेशन आणि शिक्के. ठाणं कोणतं ते सांगत नाही, मला अजून तिथे दुकान चालवायचं आहे. इंग्रजी शब्दांशी माझी ओळख चोवीस वर्षांची, पण ती पाठीमागून. पूर्वी छपाईचे शिशाचे खिळे जुळवून शिक्का करायचो तेव्हा प्रत्येक अक्षर उलटं लावावं लागायचं आणि शब्द उजवीकडून डावीकडे उभा राहायचा. रिसीव्हड, कॅन्सल्ड, अर्जंट, ट्रू कॉपी. ज्यांच्या हाताखाली शिकलो त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, गिऱ्हाइकाला अर्थ विचारायचा नाही, नमुना मागायचा. ते मी पाळलं. या कोर्टाच्या नक्कल विभागात ट्रू कॉपीचा जो लांबट शिक्का आहे तो माझ्याच हातचा, आणि तरी ट्रू म्हणजे खरा हे मला माझ्या मुलीनं, अश्विनीनं, ती सहावीत असताना सांगितलं. पण होस्टाईल असा शिक्का आजवर कुणी मागितला नव्हता. पिंजऱ्याच्या पायऱ्या उतरता उतरता मी तो शब्द मनातल्या मनात खिळ्यांनी जुळवून पाहिला. सात अक्षरं झाली. एका ओळीत मावत होता. मग माझा मलाच राग आला, की अरे, लोक तुझ्या कपाळावर मारतायत तो शिक्का, आणि तू मापं कसली घेतोस.

आता ठाण्याच्या शेजारी दुकान म्हटल्यावर पंच होणं ओघानंच आलं. पंचनाम्याला दोन पंच लागतात, आणि ते प्रतिष्ठित असावेत असा कायदा आहे. खरा प्रतिष्ठित माणूस पोलिसांच्या गाडीत बसत नाही. म्हणून मग जो हाताशी सापडेल तो प्रतिष्ठित. हिंमतराव कागद घेऊन काउंटरवर यायचा, "इंदरभान, दोन झेरॉक्स मार, अन् इथं एक सही मार," म्हणायचा, आणि मी दोन्ही मारायचो. जागेवर नेलं असं फार तर तीन-चार वेळा. एरवी जागा माझ्याकडे यायची, कागदावर बसून. शेवटी ठरलेलं वाक्य असायचं, सदर पंचनामा आम्हा पंचांना वाचून दाखवला, तो बरोबर आहे. ते वाक्यसुद्धा मी कधी वाचलं नाही. आरतीचं शेवटचं कडवं जसं तोंड आपोआप म्हणतं तसं ते हाताला माहीत होतं. कोर्टाची तारीख लागली की आदल्या संध्याकाळी हिंमतराव कागदाची प्रत आणून द्यायचा, मी पाठ करायचो आणि दुसऱ्या दिवशी पिंजऱ्यात उभा राहून घडाघडा म्हणायचो. माझं पाठांतर पहिल्यापासून चांगलं. ठाण्यात मला हुकमी पंच म्हणत. खोटं कशाला बोलू, ऐकून बरं वाटायचं. सदतीस पंचनामे झाले. सदतीस वेळा माझी सही, आणि त्यातल्या ज्या ज्या केसमध्ये पिंजऱ्यात चढलो तिथे ईश्वराला साक्ष ठेवून मी न पाहिलेली घरं वर्णन केली. तेव्हा मला कुणी होस्टाईल म्हटलं नाही. तेव्हा वकीलसाहेब मान डोलवायचे.

आजचंही मी पाठ करून आलो होतो. घर पूर्वाभिमुख. दर्शनी भागी कडुलिंबाचं झाड. आत गेल्यावर उजव्या हाताला लोखंडी पेटी, त्या पेटीतून आरोपीनं स्वतः तांब्याच्या तारेचं वेटोळं काढून दिलं, सकाळी दहा पन्नास ते बारा वीस. घाटाच्या अलीकडे मलकापूर रस्त्याला एक खेडं आहे, तिथला आमीर नावाचा पोरगा आरोपी; कुणाच्या तरी विहिरीवरची मोटार चोरून तिची तार काढली असा आरोप. मी पाठ केलेलं पुन्हा पुटपुटत कोर्टाच्या व्हरांड्यातल्या बाकावर बसलो होतो. पठारावरचा वारा सकाळी अकरालाही अंगाला झोंबत होता. शेजारी एक म्हातारी येऊन बसली. पांढरी ओढणी, हातात प्लास्टिकची पिशवी. तिनं पिशवीतून पाण्याची बाटली काढली, आधी मला पुढे केली.

"भाऊ, तुमचीबी तारीख हाय का?"

"हाव."

"आमची तं तीन साल झाले. पोराची केस हाय. मोटारी भरते तो, जळाल्या का लोक आणून देतात, तो नवी तार गुंडाळून देते. आता तुमीच सांगा, मोटारी भरणाऱ्याच्या घरी तार नाही सापडन तं काय शेवया सापडतीन?"

मी हसलो. खरंच हसू आलं मला. ती पण हसली आणि मग तिनं सांगितलं, कुणालाही सांगावं तसं, की पोलीस आले तेव्हा ती घरीच होती. "दोघं आले होते. एक जमादार अन् एक गाडीवाला. तिसरा माणूस नाही. अन् कागदात लिवलं म्हणे का दोन पंच होते, दारात कडुलिंब होता. दारात कडुलिंब असता तं मी सारी उमर उन्हात भांडे घासले असते का, भाऊ?" असं म्हणून तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं, नीट, उत्तराची वाट बघत. तिचं नाव नूरजहां, हे मला नंतर कळलं. तिनं मला ओळखलं नाही. कशी ओळखणार? कागदावर मी तिच्या घरात दीड तास होतो, तिच्या पेटीत वाकून पाहिलं होतं, आणि ती माझ्या हातात पाण्याची बाटली देऊन मला विचारत होती की भाऊ, तुम्ही कोणत्या गावचे. मी बाटली तशीच परत दिली. मी उठलो आणि नळाशी जाऊन तोंड धुतलं, पण ते तोंड धुऊन जाणारं नव्हतं.

त्यानंतर आत वकीलसाहेबांनी विचारलं, तुम्ही अमुक तारखेला आरोपीच्या घरी गेला होता का, तेव्हा माझ्या जिभेवर घर पूर्वाभिमुख तयार होतं. तोंड उघडलं आणि नाही असं बाहेर आलं. त्यांनी कागद दाखवला, सही तुमचीच ना. मी म्हटलं, सही माझी आहे, मी गेलो नाही. एवढंच. अकरा वर्षांत इतकं छोटं वाक्य मी कोर्टात बोललो नव्हतो, आणि त्यावर तो शब्द आला.

जेवणाच्या सुट्टीत लोक डबे उघडतात. मी अर्थ शोधत हिंडलो. पट्टेवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, "होस्टाईल म्हंजे फुटला. रोज दोन-तीन होतात, त्यात काय." टायपिंगवाली पोरगी खिडकीशी बसून भाकरीबरोबर ठेचा खात होती. तिला विचारलं. ती लाजली. "काका, आम्ही टाइप करतो, अर्थ नाही पाहत."  मीही असाच एकेकाळी लाजलो असेन, मग सवय झाली असेल. बाहेर झाडाखाली एक तरुण वकील मोबाईलवर क्रिकेट बघत होता. त्यानं मान वर न करता सांगितलं, सरकारी पक्षाला मदत करत नाही तो. म्हणजे, खरं बोलतो तो? मी विचारलं. त्यानं मग मान वर केली. "खरं-खोट्याचा त्यात संबंध नाही काका," तो म्हणाला, आणि कुणीतरी बाद झालं म्हणून पुन्हा खाली पाहू लागला.

हिंमतरावानं मला सायकलस्टँडच्या पत्र्याखाली गाठलं. दोन कप चहा घेऊनच आला होता.

"हे काय करून राह्यला बे तू?"

"होस्टाईल म्हंजे काय रे?"

"म्हंजे फितूर," तो म्हणाला, आणि चहा माझ्या हातात दिला. "आयक. अजून काई बिघडलं नाही. वकीलसाहेब इचारतीन, तू फक्त आठवत नाही म्हण. तीन साल झाले, आता आठवत नाही. कोर्टाले चालते, आमाले चालते, तुलेबी कोणी हात लावत नाही. पण गेलोच नाही म्हणशीन, तं मंग सही कशी आली? खोटी सही कोनाची, तुझी. कोर्ट तुझ्यावरच कागद काढीन. अन् मंग एकच काऊन? बाकीचेबी उकरून काढतीन."

 तो वाईट माणूस नाही, हे इथे सांगायलाच हवं. माझ्या बायकोला, रुख्मिणीला, रक्ताच्या उलट्या झाल्या तेव्हा अकोल्याच्या दवाखान्यात नेणारी गाडी त्याची होती, आणि तो रात्रभर व्हरांड्यात माझ्या शेजारी बसला होता. त्यानं आज त्याची आठवण काढली नाही. काढली असती तर मला सोपं गेलं असतं. फक्त जाता जाता, पत्र्याच्या भोकाकडे बघत म्हणाला, "दुकान भिंतीले लागून हाय, इतकं ध्यानात ठेव." ही धमकी होती की काळजी, ते मला आजही सांगता येणार नाही. बहुधा दोन्ही. कुंपणानं शेत खाल्लं म्हणतात, पण मी अकरा वर्षं त्या कुंपणाला टेकून सावलीत बसलो होतो, त्याचं काय?

आठवत नाही. किती स्वस्त आणि टिकाऊ माल आहे. कुणाला खोटं म्हटल्यासारखं होत नाही, स्वतःलाही नाही. आणि आमीरच्या केसचं काय होईल? मी आठवत नाही म्हटलं तर सही तशीच राहील. हिंमतराव पिंजऱ्यात येऊन सांगेल की पंच होते, सही आहे, बिचारा विसरला. आणि कडुलिंब त्या दारात उगवेल, कायमचा. मला निवृत्ती आठवला. तो आठवायला नको होता, पण एकदा आठवायला लागलं की यादी आपली आपण वर येते. निवृत्ती गवंडी होता. चौकातल्या हाणामारीत एक कुऱ्हाड त्यानं शेणाच्या ढिगातून काढून दिली असं माझ्यासमोर घडलं होतं. म्हणजे माझ्या काउंटरवर, लॅमिनेशनची मशीन गरम होत असताना, कागदावर घडलं होतं. पिंजऱ्यात मी तो ढीग किती पावलांवर होता तेही सांगितलं. निवृत्ती माझ्याकडे बघत होता. रागानं नाही, आश्चर्यानं. आपण ज्या माणसाला कधी पाहिलं नाही त्याला आपल्या घरामागचा शेणाचा ढीग इतका पाठ कसा, असं आश्चर्य. त्याला पाच वर्षांची सजा झाली. त्यानं कुऱ्हाड मारली असेलही. मला काय माहीत, मी तिथे नव्हतो. गेली सहा वर्षं मी हे एवढंच वाक्य मनात आलं की दुसरं काम काढायचो. आज पत्र्याखाली चहा गार होत होता आणि दुसरं काम कोणतंच नव्हतं.

अश्विनी पुण्याला एका कंपनीत आहे. दुपारी फोन केलेला तिला चालत नाही, पण मी केला. पहिल्यांदा ती पुण्याचं मराठी बोलली, "बाबा, मी कामात आहे, काही अर्जंट आहे का?" मग जिन्यात आली असावी, आवाज घुमायला लागला आणि तिची बोली सुटली. "काय झालं बाबा? मम्मीले काही झालं का?"

"नाही. होस्टाईल म्हंजे काय, ते सांग."

"आँ?"

"इंग्रजी शब्द हाय. कोर्टात मले म्हटलं."

 "वैरभावानं वागणारा. ज्याच्या मनात वैर हाय असा."

"वापरतात कसा?"

"म्हंजे, समजा, क्राउड वॉज होस्टाईल. जमाव अंगावर येऊन राह्यला होता, असं."

"कोणाशी वैर?"

"ते वाक्यावर असते, बाबा."

"अन् वाक्य कोण बनवते त्याच्यावर," मी म्हटलं. ती हसली नाही. मी तिला तारीख सांगितली. म्हटलं, तीन वर्षांपूर्वीच्या त्या दिवशी मी कुठं होतो, तुला आठवते का. तिला विचार करावा लागला नाही. "काऊन नाही आठवणार? मी नोकरीवर रुजू व्हाले चालली होती. तुम्ही मले मलकापूरले गाडीत बसवून देऊन राह्यले होते. गाडी लेट होती. तुम्ही केळं आणले अन् खिडकीतून देता देता एक खाली पडलं." बरोबर. केळं रुळाच्या कडेला पडलं होतं, आणि गाडी सुटल्यावर मी वेड्यासारखा त्या केळ्याकडे बघत फलाटावर उभा राहिलो होतो, कारण डोळ्यांत पाणी होतं आणि माणसांकडे बघायचं नव्हतं. दहा पन्नास ते बारा वीस. दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं तर हिंमतराव आदल्या दिवसाची तारीख टाकलेला कागद घेऊन आला होता. माझ्या आयुष्यातल्या त्या एका सकाळवर, जी मला मिनिटामिनिटाला आठवते, त्यांनी कडुलिंबाचं झाड लावलं होतं आणि मी त्याखाली सही केली होती. आणि आता म्हणे, आठवत नाही म्हण. मला संताप आला. चांगला, पोटातून वर येणारा संताप, खूप वर्षांनी. दुकानाची भिंत घ्या म्हटलं तुमची. ती सकाळ माझी आहे.

अडीचला पुकारा झाला. मी पिंजऱ्यात चढलो. नूरजहां शेवटच्या बाकावर होती, आमीर तिच्या पुढे, हात मांडीवर ठेवून. आता तिला माहीत होतं मी कोण ते. मी तिकडे पाहिलं नाही.

वकीलसाहेबांनी कोटाच्या बाह्या ओढल्या. "तुम्ही आरोपीला वाचवण्यासाठी खोटं सांगताय."

"खरं नाही."

"आज सकाळी तुम्ही आरोपीच्या आईजवळ बसून बोलत होता, हे खरं आहे?"

"खरं आहे."

त्यांना बरं वाटलं. मॅडमकडे पाहून त्यांनी विचारलं, "काय बोलत होता?"

"ती मला विचारत होती, तुम्ही कोणत्या गावचे. साहेब, कागदात मी त्या बाईच्या घरी दीड तास आहे. आणि तिनं मला ओळखलं नाही."

 साहेबांनी पान उलटलं. मग मॅडमनी स्वतः विचारलं, तरुण आहेत त्या, आवाज बारीक आहे पण समोरच्याला उभा धरतो. "मग सही का केली?"

"मागितली म्हणून."

"कागद वाचून पाहिला नव्हता?"

"नाही मॅडम. सही करताना कधीच वाचून पाहिला नाही. त्या दिवशी मी मलकापूर स्टेशनवर मुलीला गाडीत बसवत होतो."

"याचे परिणाम काय होऊ शकतात, माहीत आहे ना?"

"जेवणाच्या सुट्टीत कळले," मी म्हटलं. मग राहवलं नाही म्हणून वकीलसाहेबांकडे वळलो. "साहेब, तुम्ही मला होस्टाईल म्हटलं. वैरी. याच पिंजऱ्यात मी खोटी घरं सांगत होतो तेव्हा तुम्ही माझ्याशी हात मिळवला. आज पहिल्यांदा खरं सांगतोय तर वैरी. हा शब्द तुम्ही राहू द्या माझ्या नावावर. मला चालतो."

मॅडम म्हणाल्या, विचारलं तेवढंच सांगा. बरोबर होतं त्यांचं. 

साक्ष संपली. टायपिंगवाल्या पोरीनं दोन पानं छापून काढली आणि शिरस्तेदारांनी ती माझ्यापुढे सरकवली. खाली छापलेलं होतं, वाचून दाखवले, बरोबर आहे. बोट त्याच्याखालच्या रेघेवर. "इथं सही करा." अकरा वर्षांची सवय, हात पेनाकडे गेलासुद्धा. मी तो मागे घेतला.

"वाचून दाखवा," मी म्हटलं.

"तुम्हाला येतं ना वाचता?"

"येतं. पण इथे लिहिलंय वाचून दाखवले. तर दाखवा."

शिरस्तेदारांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी मान हलवली. मागे बसलेले पुढच्या केसचे वकील खाकरायला लागले. शिरस्तेदार भरभर वाचू लागले, किराणा दुकानात यादी वाचतात तसे. मी दोनदा सावकाश म्हटलं. नाव, वय, धंदा, पत्ता. मला मराठी लिहिता-वाचता येते. मग ते आलं. सदर दिवशी मी आरोपीच्या घरी गेलो होतो किंवा कसे, हे मला आठवत नाही.

"थांबा. हे मी म्हटलं नाही."

पोरगी दचकली. तिनं मुद्दाम केलं नव्हतं, मला दिसत होतं. रोज दोन-तीन होस्टाईल होतात आणि ते सगळे हेच म्हणतात; बोटांना ते वाक्य तोंडपाठ झालं होतं, जशी माझ्या बोटांना सही. वकीलसाहेब म्हणाले, "अहो, एकच आहे ते. मुद्दा तोच."

"एकच असतं तर हे एक वाक्य शिकवायला मला कुणी चहा पाजला नसता," मी म्हटलं. "मला आठवतं. मी गेलो नव्हतो. तसं लिहा."

 दाराशी हिंमतरावाची जागा रिकामी होती. मॅडमनी स्वतःच्या पेनानं ते वाक्य खोडलं, वर लिहिलं, शेजारी आपली आद्याक्षरं केली आणि कागद माझ्याकडे वळवला. मी वाचलं. मी गेलो नव्हतो. मग सही केली, नेहमीची वेटोळ्याची नाही. पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट, त्यामुळे ते रेघेबाहेर गेलं.

व्हरांड्यात नूरजहां उभी होती. खोटं कशाला बोलू, मला वाटलं होतं ती हात जोडेल, दुवा देईल, आणि मी काही नाही, काही नाही म्हणेन. तेवढी तयारी मी पिंजरा उतरतानाच केली होती. ती जवळ आली.

"सही काऊन केली होती?"

मी तोंड उघडलं.

"दोन महिने आत होता माह्या लेक. त्याचा बाप गेला तवा मयतीले सोडलं नाही त्याले. मी जमादाराच्या पाया पडली. जमादार म्हणे, बाई, पंचाच्या सह्या हायत, आमच्या हातात काही नाही." तिनं पिशवी घट्ट धरली होती, सकाळी जिच्यातून पाणी काढलं ती. "तुमच्या सह्या. तुमी गेले नव्हते, मंग काऊन केली?"

ती माझ्याकडे बघत होती. अश्विनीनं जिन्यातून सांगितलेला अर्थ असा दिसतो तर. वकीलसाहेबांकडे तो नव्हता, माझ्याकडेही नव्हता, माझ्या मनात हिंमतरावाबद्दलही तो सापडला नव्हता. तो या बाईकडे होता, तीन वर्षं, आणि ज्याच्यासाठी होता तो माणूस तिला आज सापडला होता. चूक झाली, असं मी म्हटलं. ते तिनं ऐकलंही नाही. आमीरनं मागून तिच्या खांद्यावर हात ठेवला, "चाल अम्मी," म्हणाला, आणि माझ्याकडे न बघता तिला फाटकाकडे घेऊन गेला. मला ते लागलं. लागायलाच हवं होतं, आणि मी ठरवलं की ते लागू द्यायचं, चोळत बसायचं नाही.

फाटकाच्या दिशेनं मी चार पावलं गेलो आणि परत फिरलो. नक्कल विभाग तळमजल्यावर, जिन्याखाली आहे. खिडकीतला कारकून मला ओळखतो, शिक्क्यामुळे. "काय इंद्रभानभाऊ, शाई आणली का?"

"अर्ज द्या एक. जुन्या केसची नक्कल पाहिजे. निवृत्ती गवंड्याची, कुऱ्हाडीची."

"तुमी कोण त्याचे?"

"पंच."

त्यानं अर्ज सरकवला. त्याच्या कोपराशी माझा ट्रू कॉपीचा शिक्का पॅडवर पालथा पडला होता, अक्षरं वर, उलटी. मला ती सरळ वाचता येतात. मी नाव लिहिलं, पत्ता लिहिला, ठाण्याच्या भिंतीला लागून असा. शेवटच्या रकान्यात विचारलं होतं, नक्कल कोणत्या कारणासाठी हवी. बहुतेक लोक तिथे वैयक्तिक असं लिहितात. रकाना लहान होता, तरी मावलं.

मी तिथे नव्हतो.

कारकुनानं अर्ज फिरवून घेतला, वाचला, आणि पुन्हा एकदा वाचला.